एक मिनिट तरी थांबायलाच हवं

सामन्याआधी मौन पाळायची प्रथा बंद करावी, खेळात शोक कशाला, असं एका लेखात म्हटलंय. अजिबात पटलं नाही. ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरला फेडरेशन कप फुटबॉलच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल मारताना कोसळला आणि गेला. त्याच्यासाठी मैदानात उभं राहायचं नाही, तर कुठे?

१७ मार्च २०१९ ची संध्याकाळही आठवते. मुंबईत एफसी गोवा आयएसएलची (इंडियन सुपर लीग) अंतिम लढत खेळत होता आणि इथे गोव्यात मोबाइलवर भाई, म्हणजे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर, गेल्याची बातमी आली. टीव्ही चालू, पण घरात कोणी बोलेना. पर्रीकरांना मत न देणारेसुद्धा गप्प होते. असा शोक कुणाला सांगावा लागत नाही.

सक्ती मात्र नको. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ गेल्यावर इंग्लंडने त्या आठवड्याअखेरचे फुटबॉल सामनेच पुढे ढकलले, अगदी लहान मुलांचेसुद्धा. त्यापेक्षा मौन पाळून पोरांना खेळू द्यायचं होतं. आणि आपल्याकडे फातोर्ड्याला असो वा म्हापशाला, गेलेलं माणूस कोण होतं हे आधी माइकवरून नीट सांगा. अर्ध्या लोकांना आपण कशासाठी उभे आहोत हेच कळत नाही, मग कुजबुज होणारच.