फोन काढून घेतल्याने मुली सुरक्षित होत नाहीत

सोलापुरात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे: शिकणाऱ्या भोळ्या मुली मोबाइलवर प्रेमाच्या आमिषाला भुलून इसिससारख्या संघटनांत ओढल्या जातात, म्हणून त्यांचा फोन काढून घ्या, कॉलेज बंद करा, लवकर लग्न लावून द्या. अक्कलकोट रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तो खरा मानून बारावीतल्या लेकीचा फोन कपाटात कुलूपबंद केला, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

इसिसमध्ये गेलेल्या सगळ्या स्त्रिया भोळ्या नव्हत्या. इसिसच्या ताब्यात असलेल्या सीरियातील रक्का शहरात तिच्या अल-खन्सा या महिला पथकातील स्त्रियाच इतर स्त्रियांच्या पेहरावावर पाळत ठेवत.

लग्नाची स्वप्ने दाखवली जात, एवढे मान्य करावे लागेल. परंतु लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर स्ट्रॅटेजिक डायलॉगसाठी एरिन सॉल्टमन आणि मेलनी स्मिथ यांनी 2015 मध्ये केलेल्या अभ्यासात, पाश्चात्त्य देशांतून गेलेल्या स्त्रियांना एकाच साच्यात बसवता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. समाजात एकटे पडल्याची भावना, आपल्या धर्मबांधवांवर जगभर अत्याचार होत असल्याचा संताप, धर्मकर्तव्याची ओढ आणि भगिनीभावाचे आकर्षण अशी अनेक कारणे त्यात येतात. हा भगिनीभाव अगदी घरगुती भाषेत बोलत असे: ग्लासगोहून 2013 मध्ये सीरियाला गेलेल्या एका तरुणीचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्लॉगवर, येताना खोबरेल तेल आणा, असा सल्ला होता.

आता फोनचा उपाय पाहा. माध्यम इंटरनेट होते, हे खरे. पण ज्या एकटेपणावर हे लोक टपलेले असतात, तोच एकटेपणा आपण मुलीला घरात बसवून वाढवणार आणि त्याला सुरक्षितता म्हणणार? फेब्रुवारी 2015 मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीनमधील तीन शाळकरी मुली सीरियाला निघून गेल्या, त्याआधी डिसेंबरमध्ये त्यांची मैत्रीण गेलेली होती. त्यासंबंधी पालकांसाठी लिहिलेली पत्रे पोलिसांनी मुलींच्याच हाती दिली आणि ती पालकांपर्यंत पोहोचलीच नाहीत. मोठ्या माणसांनी एकमेकांशी थेट बोलायला हवे होते, ते राहून गेले.

लवकर लग्नाच्या सल्ल्याची मात्र चीड येते. त्या तिघींपैकी शमीमा बेगम पंधरा वर्षांची असताना तिथे पोहोचली आणि थोड्याच दिवसांत तिचे लग्न लागले. पुढे तिची तिन्ही मुले दगावली. कोवळ्या वयातले लग्न त्या संघटनेनेच तिच्या पदरात टाकले होते, आणि हा संदेश आपल्याला तेच करायला सांगतो आहे.