डब्लिनमधलं विजापूर, सदाशिव पेठेतलं अहमदनगर

जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं तीन वर्षांसाठी साताऱ्यात आली आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच सूर लागला: आता एकेक वस्तू परत आणायची. पुढच्या वर्षी रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाखांना घेतली, तेव्हा तर विचारूच नका. मी डब्लिनमध्ये राहतो, तेव्हा तिथे आपलं काय आहे रे, असं मलाही विचारून झालं. मी म्हटलं, विजापूरचं एक पुस्तक आहे. त्यावर उत्तर आलं, "ते आपलं कुठे?"

हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही.

डब्लिन किल्ल्याच्या आवारात चेस्टर बीटी यांचा संग्रह आहे. खाणींच्या धंद्यात गडगंज झालेले हे अमेरिकन गृहस्थ १९५०मध्ये इथे येऊन राहिले आणि १९६८मध्ये वारले, तेव्हा सगळा संग्रह लोकांसाठी ठेवून गेले. प्रवेश फुकट. बगदादच्या इब्न अल-बव्वाबने हिजरी ३९१मध्ये, म्हणजे इसवी सन १०००-०१मध्ये, लिहिलेलं छोटेखानी कुराण इथे आहे. आणि विजापुरात १५७०मध्ये झालेला 'नुजूम अल-उलूम' हा फार्सी ग्रंथही. पहिल्या अली आदिलशहाचा काळ. ग्रहतारे, यंत्रं, हत्ती, घोडे, शस्त्रं, सगळ्यांची शेकडो चित्रं. त्यात स्त्रीरूपातल्या शक्तींची एक लांबलचक रांग आहे. आपल्याकडच्या योगिनींशी त्यांचं नातं ओळखायला कुणी अभ्यासक लागत नाही.

अशा पोथीचं एक पान कसं घडायचं ते पाहिलं की 'आपलं' आणि 'त्यांचं' या वाटणीत काही दम उरत नाही. कागदाला आधी खळ लावायची, वाळवायचा, मग फळीवर ठेवून अकीकाच्या दगडाने घोटायचा. बोरू अडखळता कामा नये आणि शाई आत फुटता कामा नये, इतका. ओळी आखायला शाई नाही. पुठ्ठ्यावर ताणून शिवलेले दोरे, त्यावर कागद ठेवून बोटाने दाबत जायचं. ओळ उठते, पण दिसत नाही. कातिब, म्हणजे लेखनिक, चित्रासाठी जागा सोडून मजकूर लिहून जातो. सोनेरी काम करणारा वेगळा. तो सोन्याचा वर्ख डिंकात किंवा मधात बोटाच्या टोकाने तासन्‌तास खलतो, पाण्याने धुतो, तळाशी बसलेली सोन्याची पूड घेऊन रंगासारखी लावतो आणि पुन्हा घोटून चकाकी आणतो. निळा रंग बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दाचा. हिरवा तांब्याच्या जंगाचा, आणि तो महालबाड: शतकं उलटली की खालचा कागदच खातो. हिरवी चौकट आखलेली असली तर मधला मजकूर खिडकीसारखा गळून पडतो. कागद म्हणाल, तर दौलताबादच्या पायथ्याशी कागजीपुऱ्यात तो आजही हाताने बनतो.

आता इथल्या बाजूचंही बोललं पाहिजे, कारण परदेशात राहणारे आम्ही 'इथे नीट तरी ठेवलंय' या वाक्यावर फार लवकर येतो. नीट म्हणजे कसं? इराणच्या शाह तहमास्पसाठी केलेली शाहनाम्याची, म्हणजे फिर्दौसीच्या राजांवरच्या महाकाव्याची, पोथी घ्या. सोळाव्या शतकातली, तब्रीझची, २५८ चित्रांची, इराणी ग्रंथकलेचा कळस. १९५९मध्ये ती आर्थर हौटन नावाच्या अमेरिकन पुस्तकसंग्राहकाने घेतली आणि पानं सुटी केली. ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला, काही लिलावात. उरलेली ११८ चित्रं, मजकूर आणि बांधणी इराणने १९९४मध्ये परत मिळवली, ती आधुनिक चित्रकार डे कूनिंगच्या एका नग्न स्त्रीच्या चित्राच्या बदल्यात. अदलाबदल झाली व्हिएन्नाच्या विमानतळावर! मुघल चित्रांचा मिंटो संग्रहही १९२५च्या लिलावानंतर दोघांत वाटला गेला: निम्मा बीटींकडे, निम्मा त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडे. तेव्हा जतनाच्या बढाया जरा बेतानेच माराव्यात.

पण म्हणून ग्रुपवरच्या मित्रांचं बरोबर ठरत नाही. कारण अहमदनगरच्या निजामशाहीचं असंच एक हस्तलिखित कुठे गेलेलंच नाही. ते पुण्यात आहे, सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात. 'तारीफ-इ-हुसेनशाही': आफताबी नावाच्या कवीने १५६५च्या तालिकोटच्या विजयानंतर रचलेलं फार्सी काव्य, सोबत चित्रं. हुसेन निजामशहाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायूनही रंगवलेली होती. पुढे १५६९मध्ये मुलाने तिला कैद केलं आणि बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसली गेली. एका चित्रात मात्र तिच्या स्पर्शाने झाड फुलतं. संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत, फार्सी पोथीत, अहमदनगरच्या चित्रकाराच्या हातून. दख्खनी चित्रकलेवरच्या इंग्रजी ग्रंथांत हे हस्तलिखित हमखास भेटतं. ग्रुपवरच्या पुणेकरांपैकी एकानेही त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

वाघनखं बघायला कुठलीच लिपी यावी लागत नाही, आणि त्यांच्यावर मिरवणूकही काढता येते. पोथीचं तसं नाही. ग. ह. खरे यांनी याच मंडळात बसून फार्सी कागदपत्रं वाचली, छापली. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची अखबारं, म्हणजे बातमीपत्रं, मराठीत आणली. शिवकाल त्यांच्यामुळे जास्त स्पष्ट झाला आणि तेव्हा कुणी त्यांना 'ते आपलं कुठे' असं विचारलं नाही. त्या तोडीचे नवे वाचक घडवायचे तर दहा वर्षं जातील आणि वर्तमानपत्रात फोटो येणार नाही.

एक मित्र म्हणतो, तुला तिकडे बसून बोलायला काय जातं. खरंय, काही जात नाही. इथे मी रविवारी फुकटात विजापूर बघतो, आणि ते इथे का आहे हा प्रश्न विचारण्याचा त्याचा हक्कही मला मान्य आहे. फक्त विजापूरचं पुस्तक मागायला येणाऱ्या शिष्टमंडळात ते वाचू शकणारा एक तरी मराठी माणूस असावा. पुढच्या तलवारीसाठी जी तरतूद होईल, तिच्यातले चार पैसे दोन फार्सी शिकणाऱ्या मुलांना आणि जुना कागद सांभाळायला शिकलेल्या एखाद्या मुलीच्या पगाराला द्या. सदाशिव पेठेतलं अहमदनगर तोवर बघून या. त्याला व्हिसा लागत नाही.