‘स्लीप काय, हायबरनेट काय, सगळं एकच’ हे खरं नाही

चोपड्यातल्या आमच्या संगणक वर्गाच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: “स्लीप, स्टँडबाय, सस्पेंड, हायबरनेट ही एकाच गोष्टीची नावं. काहीही दाबा, काम सुरक्षित राहतं, वीज तेवढीच वाचते. नावांचा काथ्याकूट तज्ज्ञांनी करावा.”

पहिलं वाक्य पाऊण खरं आहे, म्हणून जास्त घातक. विंडोज एक्सपीतलं ‘स्टँडबाय’ व्हिस्टात ‘स्लीप’ झालं, लिनक्सवाले त्यालाच ‘सस्पेंड’ म्हणतात. तिन्हींत काम रॅममध्येच, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहतं आणि रॅमला वीज लागते; वीज गेली की तिच्यातलं सगळं पुसलं जातं. हायबरनेट मात्र ते डिस्कवर उतरवून मशीन बंद करतं. मृगबाग आणि कांदेबाग दोन्ही केळीच, पण लागवडीचा हंगाम वेगळा. दोन्हींना एकच नाव देऊन खताचं वेळापत्रक कोणी लावेल का?

‘काम सुरक्षित राहतं’ हे तर आपल्याकडे कोणी लिहूच नये. लोडशेडिंग आपल्याला नवीन नाही. गेल्या उन्हाळ्यात एका मुलाने वडिलांच्या कांदेबागेचा खर्च दोन तास बसून टाइप केला. जेवायला निघताना मी म्हणालो, “काम जप.” घरी अहिराणी बोलणाऱ्या त्या पोराने मशीन स्लीपला टाकलं, कारण अहिराणीत ‘जपनं’ म्हणजे झोपणं. मला ‘सेव्ह कर’ म्हणायचं होतं. मागून लाईट गेली. डेस्कटॉपला यूपीएस नव्हता, फाइल गेली. त्याचा चेहरा अजून आठवतो. लॅपटॉप असता तर बॅटरी असेतो काम टिकलं असतं. विंडोजमध्ये हायब्रिड स्लीप चालू असतं तर डिस्कवरही प्रत राहिली असती. आमच्या मशीनवर ते नव्हतं.

विजेचंही तसंच. स्लीपमध्ये थोडी का होईना, वीज लागत राहते. हायबरनेटमध्ये जवळजवळ बंद मशीनइतकीच.

आणि काथ्याकूट? २००४ साली आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचं १६२१ हे मानक आलं ते सामान्य वापरणाऱ्याचा गोंधळ कमी व्हावा म्हणूनच. चालू, बंद आणि स्लीप अशा तीनच मुख्य अवस्था, स्लीपला चंद्रकोरीची खूण. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, माणसाला पुन्हा शिकावं लागू नये. नाव आणि काम जुळलं नाही की काय होतं ते २०१२ च्या विंडोज ८ पासून आपण बघतोय. फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर ‘शट डाउन’ दाबूनही सिस्टीमचा गाभा डिस्कवर साठवला जातो, पूर्ण नव्याने सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. दुरुस्तीवाला “बंद करून चालू करा” न म्हणता “रीस्टार्ट मारा” म्हणतो, त्याचं कारण हे.

वर्गात आता आम्ही स्लीपला ‘झोप’ आणि हायबरनेटला ‘साठवून बंद’ एवढंच म्हणतो. ‘जप’ हा शब्द संगणकासमोर वापरायचा नाही, असं ठरलंय.