हवा कमी करायची, पण डांबर लागेपर्यंतच

काका, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, दोन ओळीत उत्तर देणं बरोबर वाटेना म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं, की जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर पिकअपच्या टायरातली हवा कमी करा असं सांगून मी लोकांना टायर फोडून घ्यायला लावतोय, कमी हवेनेच टायर तापतो हे तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला शिकवू नका, अमेरिकेत राहून फोर्ड एक्स्प्लोररचं काय झालं ते विसरलात का, आणि आराम पाहिजे तर शॉकअप बदला.

एक्स्प्लोरर विसरलो नाही, फोर्डची ती मोठी गाडी, जिचे टायर धावता धावता फाटून गाड्या उलटल्या. फोर्डने त्या गाडीला २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा सांगितली होती, टायर बनवणाऱ्या फायरस्टोनचं म्हणणं होतं ३० ठेवा, त्यात टायरमध्येच दोष, शेवटी ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवावे लागले आणि सगळी मिळून अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्यातूनच कायदा आला आणि सप्टेंबर २००७ पासून इथल्या प्रत्येक नव्या कारला, पिकअपला हवा २५ टक्के कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. पण काका, त्या गाड्या उलटल्या त्या मुख्यतः हायवेच्या स्पीडला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दबते नि परत सरळ होते, ती उष्णता त्या दबण्यातूनच येते, हवा कमी झाली किंवा लोड वाढला की टायर जास्त दबतो आणि स्पीड वाढला की मिनिटाला जास्त वेळा दबतो. मी ज्या रस्त्याबद्दल लिहिलं तिथे ताशी ३० किलोमीटरच्या वर जाताच येत नाही.

तो रस्ता म्हणजे इथे वॉशिंग्टन राज्यातला माउंटन लूप हायवे, नावात हायवे आहे पण बार्लो पासला डांबर संपतं आणि पुढे डॅरिंग्टनच्या बाजूला १४ मैल नुसती खडी, खड्डे, आणि मधेमधे पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा. मागच्या जुलैत आई साताऱ्याहून आली होती, तिच्या मणक्यातली गादी सरकलेली, आणि तिला सॉक नदी दाखवायची म्हणून निघालो. पहिल्या मैलातच तिने दोन्ही हात सीटवर टेकून अंग वर उचलून धरलेलं, तोंडातून शब्द नाही, मागे स्टीलचा डबा नि पाण्याची बाटली एकमेकांवर खणखण आपटतायत. गाडी बाजूला घेतली, चारही टायर ३५ वरून २५ वर आणले. परत निघालो तर खड्डे होतेच, पण ती बारीक थरथर गेली, डबा गप्प झाला आणि थोड्या वेळाने आईने हात मांडीवर ठेवले. मला तेवढंच पाहिजे होतं.

शॉकअपबद्दल. मोठा खड्डा, उंचवटा, तिथे शॉकअप आणि पाटे काम करतात, तुमचं बरोबर. पण या लाटा हातभर अंतरावर एकामागून एक येतात, अख्खं जड चाक इतक्या पटापट वरखाली होऊच शकत नाही, त्यामुळे ते लाटांच्या टोकांवर आपटत जातं. तिथे फक्त टायरच मऊ होऊ शकतो. आणि हे काही माझं डोकं नाही, दुसऱ्या महायुद्धातल्या डक (DUKW) नावाच्या पाण्यात-जमिनीवर चालणाऱ्या ट्रकला ड्रायव्हर केबिनमधूनच टायरची हवा कमीजास्त करायचा, आणि १९८० च्या दशकात इथल्या फॉरेस्ट सर्व्हिसने, म्हणजे वनखात्याने, तीच सोय ओंडके वाहणाऱ्या ट्रकांवर लावून बघितली, ड्रायव्हरची कंबर वाचली आणि रस्त्यावरच्या लाटाही कमी झाल्या.

आता माझी चूक, आणि ती मोठी आहे. हवा परत भरायची हे मी मूळ लेखात एका ओळीत उरकलं होतं. गेल्या वर्षी एकदा कंप्रेसर घरी राहिला होता आणि मी तशाच २४ च्या हवेवर डांबरावरून पेट्रोल पंपापर्यंत आलो, फार तर दहा मैल, स्पीडही ताशी ६०-७० किलोमीटरचाच, उतरून टायरच्या बाजूला हात लावला तर हात ठेववेना. गाडीत बायको नि मुलगी होती. तेव्हापासून कंप्रेसर गाडीत आहे का हे बघितल्याशिवाय मी व्हॉल्व्हचं टोपण काढत नाही. हे ठळक लिहायला हवं होतं, आज लेखात सगळ्यात वर टाकलंय.

अजून एक राहिलं होतं. हायवेने तासभर आल्यावर टायर गरम असतो, ३५ ची हवा ३८-३९ दाखवते. तिथे गेज बघून २५ केली की थंड झाल्यावर ती २२ च भरते, आणि रात्री डोंगरात तंबू टाकला, थंडी पडली, की दर साडेपाच अंश सेल्सिअसला अजून साधारण पाऊण पीएसआय जातो. सकाळी निघताना परत मोजायचंच. १५ च्या आसपास गेलात तर टायर रिमवरून निसटू शकतो. आणि धारदार दगडांच्या रस्त्यावर मी हवा फार उतरवत नाही, टायर दबून त्याची बाजू बाहेर येते आणि बाजूला कापलं तर पंक्चरवालाही हात वर करतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, पुतण्याने हे वाचून सहाचाकी गाडीत हवा कमी केली तर? करू देऊ नका काका. मागची जोडचाकं मऊ पडली की लोडखाली दोन टायरांच्या बाजू एकमेकांना घासतात, आणि मधे दगड अडकला तर बघायलाच नको. माझं सगळं लिहिणं एकेरी चाकांच्या, हलक्या लोडच्या पिकअपपुरतं आहे, ही ओळसुद्धा आज लेखात घातलीय, पुतण्याला ती दाखवा.