कोशर फलाफल आणि डोंबिवलीचे मटण

१५ ऑगस्ट २०२५ रोजी मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश कल्याण-डोंबिवली महापालिकेने काढला, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर पेटलेला वाद अजून पुरता विझलेला नाही. माझा डोंबिवलीचा आतेभाऊ आदेशाच्या बाजूचा. त्याने मलाच साक्षीला ओढले : "ताई, तुमच्या अमेरिकेत ज्यूंची कोशर हॉटेलं चालतातच ना? मांसाचा कण आत येऊ देत नाहीत, शनिवारी कडकडीत बंद. तिथे ती शिस्त, आणि आम्ही एक दिवस दुकानं बंद ठेवली की हुकूमशाही?" पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीने त्याला लगेच सुनावले की कोशर काय, हलाल काय आणि आपले ‘शुद्ध शाकाहारी’ काय, धर्माच्या नियमावर चालणारे प्रत्येक स्वयंपाकघर म्हणजे भेदभावच. मी ज्या हॉटेलात नित्य जेवते, ते या दोघांनीही पाहिलेले नाही, आणि तरीही दोघांनी ते आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरले. मला राग आला तो याचा.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून रूट सत्तावीसने न्यू ब्रन्सविककडे निघाले की हायलंड पार्क लागते. तिथे याच रस्त्याला रॅरिटन ॲव्हेन्यू म्हणतात. या गावात सनातनी ज्यूंची मोठी वस्ती आहे, आणि अशा प्रत्येक वस्तीत असते तसे फलाफल आणि पिझ्झा विकणारे साधे हॉटेल इथेही आहे. परक्याला ही जोडी विचित्र वाटते, पण तिच्यामागे पक्का हिशेब आहे. कोशर, म्हणजे ज्यू धर्मातल्या आहाराच्या, नियमांनुसार मांस आणि दूध एकत्र शिजत नाही, एका भांड्यात राहत नाही, एका ताटात येत नाही. पिझ्झ्यावर चीज आले की ते स्वयंपाकघर दुधाचे झाले आणि मांस त्या दारातून आत येऊ शकत नाही. फलाफल म्हणजे भिजवून कच्चेच वाटलेले छोले, कोथिंबीर, पार्स्ली, जिरे आणि लसूण. ते ना दुधाचे, ना मांसाचे. म्हणून ते पिझ्झ्याशेजारी सुखाने तळले जाते आणि ताहिनी म्हणजे तिळाची चटणी घालून पिटात, म्हणजे पोकळ रोटीत, भरले जाते. हॅम्बर्गर हवा असलेल्या कोशर माणसाने दुसऱ्या हॉटेलात जावे, आणि तिथे त्याला चीज मागता येणार नाही. माझ्या भावाच्या समजुतीत कोशर म्हणजे शाकाहार. तसे ते मुळीच नाही. माझे माहेर शाकाहारी असल्यामुळे मला या स्वयंपाकघराचा मोठा आधार वाटतो, एवढेच.

या हॉटेलाबद्दल लोक काय बोलतात ते मी वर्षानुवर्षे ऐकत आणि वाचत आले आहे. फलाफल तेव्हाच तळून दिले तर बाहेरून कुरकुरीत आणि आतून हिरवेगार असते, पण दुपारी तीननंतर गेलात तर सकाळचे गार गोळे मिळतात. पिझ्झ्याचा सॉस गोड आहे. चीज भरपूर आहे. चीज फारच आहे. पूर्वीचा मालक असताना पाव पातळ असे, आता मधे कच्ची कणीक राहते. मिरचीची हिरवी चटणी मागितल्याशिवाय देत नाहीत. टेबले चिकट असतात, मुले धावत असतात, काउंटरवरचा मुलगा मान वर करून बघत नाही. हिवाळ्यात शनिवारी अंधार पडल्यावर सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संपतो, हॉटेल उघडते आणि पाहता पाहता रांग दारापर्यंत येते. त्या रांगेबद्दल तर प्रत्येकाचे काही ना काही गाऱ्हाणे असते. कुणी तरी अजाण माणूस पिझ्झ्यावर पेपरोनी, म्हणजे मांसाचे काप, का नाहीत म्हणून रुसतो आणि त्याला चार जण समजावून सांगतात. एक वाक्य मात्र मला नेहमी टोचते : ‘कोशरच्या मानाने बरा पिझ्झा.’ हे म्हणणारे बहुधा वस्तीबाहेरचे असतात. वस्तीतल्या माणसाला तुलनेसाठी दुसरा पिझ्झा नसतोच. त्याला हाच चांगला व्हायला हवा असतो.

या सगळ्या मतांत नियमाविरुद्ध तक्रार जवळजवळ नसते. भिंतीवर प्रमाणपत्राची चौकट आहे, त्यावर देखरेख करणाऱ्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, संस्थेचे नाव आहे, दुधावरही ज्यू देखरेख आहे असे लिहिले आहे. कोपऱ्यात हात धुण्याचे बेसिन आणि दोन कानांचा तांब्या आहे. लेट्युसचे पान न् पान किड्यांसाठी तपासले जाते, चीज जमवायला वापरलेले रेनेट (ते जनावराच्या जठरातूनही काढतात) कुठले याचीही चौकशी झालेली असते. ज्याला हे सारे मोलाचे वाटते तो त्या चौकटीकडे पाहून आत येतो आणि ज्याला वाटत नाही तो फलाफलच्या वासाने येतो. दोघांना एकाच रांगेत उभे राहावे लागते. नियम स्वयंपाकघराला बांधतो. गिऱ्हाइकाला तो आत असेपर्यंत बाहेरचे अन्न टेबलावर काढू नका एवढेच सांगतो, आणि शेजाऱ्याला तर काहीच सांगत नाही. त्याच रस्त्यावर शनिवारी भर दुपारी लोक बेकन खातात. तिशा ब’आव या शोकदिनापर्यंतचे नऊ दिवस सनातनी ज्यू सब्बाथ सोडल्यास मांस खात नाहीत, आपल्याकडच्या श्रावणासारखेच. तेव्हा या हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते. पण त्या नऊ दिवसांत गावातली बर्गरची दुकाने बंद करा असा अर्ज घेऊन कुणी नगरपालिकेत गेल्याचे मी ऐकलेले नाही.

भावाला मी हेच लिहिले. दुकानदाराने स्वतः शनिवारी कुलूप लावणे आणि महापालिकेने दुसऱ्याच्या दुकानाला कुलूप लावायला सांगणे या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. सब्बाथचा तोटा इथला मालक सोसतो. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी दिवसभर गल्ला बंद असतो. पेसाख या सणाच्या आठ दिवसांत आंबवलेले पीठ घरात ठेवणेसुद्धा वर्ज्य, तेव्हा पिझ्झावाल्याला पूर्ण सुट्टी असते. देखरेख करणाऱ्या माणसाचा पगार असतो, चीज महाग पडते. म्हणून इथला पिझ्झ्याचा तुकडा पलीकडच्या इटालियन दुकानातल्यापेक्षा महाग असतो, आणि गिऱ्हाइके त्यावर कुरकुर करून पैसे मोजतात. श्रद्धेची किंमत श्रद्धावान भरतात. डोंबिवलीत १५ ऑगस्टची किंमत कुणी भरली? स्टेशनजवळच्या खाटकाने भरली, त्याच्याकडे रोजाने काम करणाऱ्या मुलाने भरली. आदेशाचे स्वागत करणाऱ्यांच्या खिशातून एक रुपयाही गेला नाही.

या बाबतीत सरकारने कुठवर जावे, याचा निवाडा न्यू जर्सीत १९९२ साली झालेला आहे. कोशर म्हणून माल विकणाऱ्यांसाठी राज्याचे नियम होते आणि कोशर म्हणजे काय हे त्या नियमांत सनातनी ज्यू परंपरेच्या आधारे ठरवलेले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले, कारण धर्माचा अर्थ लावणे हे सरकारचे काम नव्हे. त्यानंतर आलेला कायदा साधा आहे : तुम्ही कोशर म्हणून विकत असाल, तर कोणत्या अर्थाने आणि कुणाच्या देखरेखीखाली, ते लिहून लावा, आणि जे लिहाल ते खरे असू द्या. पुढे हलालसाठीही त्याच धर्तीवर कायदा झाला. सरकारने भिंतीवरचा कागद खरा आहे की नाही हे तपासावे, ताटात काय असावे हे सांगू नये. इस्राएलमध्ये कोशर प्रमाणपत्राच्या नाड्या सरकारी रब्बी यंत्रणेच्या हातात आहेत आणि त्यावरून तिथे वर्षानुवर्षे भांडणे चालू आहेत. माझ्या भावाला दाखलाच हवा असेल तर त्याने तो घ्यावा, पण सोबतची भांडणेही घ्यावीत.

भाचीचे म्हणणे मात्र मला इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहांच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखली गेली आणि त्याला विरोध म्हणून त्या टेबलांवर मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोने शाकाहारी जेवण पोचवणाऱ्यांना हिरवे कपडे देण्याचे जाहीर केले आणि गदारोळ होताच दुसऱ्याच दिवशी तो हिरवा रंग मागे घेतला. या दोन्ही ठिकाणी अन्नावरची खूण माणसावर आली. शिजवणाऱ्याने काय शिजवावे हा त्याचा प्रश्न आहे. शेजारी कोण बसला आणि कुणी ताट आणले यावर खूण करायला लागलो की आपल्याकडे तिचा अर्थ काय होतो हे सांगण्यासाठी मला जातिव्यवस्थेचा इतिहास उगाळावा लागू नये. भाडेकरूला ‘व्हेज का?’ विचारणाऱ्या मुंबईतल्या सोसायट्या मी लग्नानंतर स्वतः पाहिल्या आहेत, कारण माझे सासर मालवणचे. आम्हाला जागा नाकारणाऱ्या बाईंना माझे आडनाव आवडले होते, नवऱ्याचे नाही. त्यामुळे मी भाचीच्या रागाच्या बाजूची आहे. पण त्या रागापायी कुणाचे स्वयंपाकघर मोडायला ती निघाली, तर मी तिच्या विरुद्ध उभी राहीन. हायलंड पार्कच्या त्या हॉटेलात माझ्या नवऱ्याला आजवर कुणी विचारले नाही की आदल्या रात्री त्याने काय खाल्ले.

शिवाय कोशर ही काही अमेरिकेची मिरासदारी नाही. अलिबागला अजून इस्राएल आळी आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कोकणात तेल गाळत राहिली आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हटले गेले. त्यांची मातृभाषा मराठी. मटणाच्या रश्शात दूधदुभते चालत नाही म्हणून ती नारळाचे दूध घालतात, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरे, साखर आणि फळे घालून मलिदा करतात. कोळ्यांच्या आणि आगऱ्यांच्या शेजारी राहून त्यांनी आपला नियम पाळला. त्यासाठी रेवदंड्याचा बाजार बंद पाडण्याची गरज त्यांना कधी भासली नाही. मी हे लिहिले तेव्हा भावाने त्यावर काही म्हटले नाही. त्याने उलट विचारले, की इतके जर डोंबिवलीचे कळते तर तिथे येऊन राहत का नाहीस.

हा प्रश्न मला लागला आणि अजून लागतो आहे. तिथे राहत नाही त्याने बोलू नये, हे मला मान्य नाही. ज्या गावाच्या फलाटावर उभे राहून मी मोठी झाले, त्या गावातल्या खाटकाच्या दुकानाबद्दल शाकाहारी घरातल्या मुलीला बोलावेसे वाटते यात मला काही गैर दिसत नाही. पण भावाच्या बोलण्याने दुसरेच काही तरी उघडे केले. हायलंड पार्कच्या हॉटेलाबद्दलची मते मी पुन्हा बारकाईने वाचली. सॉस गोड आहे, टेबल चिकट आहे, पूर्वीचा मालक बरा होता असे लिहिणारे बहुतेक सगळे वस्तीतले आहेत. ते दर आठवड्याला भांडतात आणि दर आठवड्याला येतात. त्यांची मुंज म्हणावी अशी बार मित्झ्वा, मुलांचे वाढदिवस, परीक्षेनंतरचे जेवण, सगळे इथेच झालेले आहे. आणि आमच्यासारखे लोक, एडिसनचे गुजराती, तेलुगू, मराठी शाकाहारी, काय लिहितात? ‘फार छान. स्वच्छ. शाकाहाऱ्यांसाठी उत्तम.’ आम्ही पाहुण्यासारखे गोड बोलतो. या देशात माझ्या मुलांची शाळा आहे, घराचे कर्ज आहे, इथल्या निवडणुकीत माझे मत आहे, तरी पाचशे पावलांवरच्या गल्लीत घडावे तसे भांडण मी इथल्या कुठल्याच दुकानाशी केलेले नाही. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्राची आमटी पातळ झाली की माझी आई जाऊन सांगून यायची, आणि त्या मावशी तिलाच पुढच्या वेळी वाटीभर जास्त घालायच्या. माझा सारा तक्रारीचा हक्क मी अजून डोंबिवलीसाठीच राखून ठेवला आहे, आणि डोंबिवलीने तो आता नाकारला आहे, हे या वादात मला कळले.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्या हॉटेलाबद्दल मनापासून लिहिले : फलाफल उत्तम आहे, छोले जाडसर वाटलेले आहेत, तिखटाला तोड नाही, पण ताहिनी फार पातळ करता, त्यामुळे पिटा तळाशी फाटतो आणि सगळे हातावर येते, आणि पिझ्झ्याचा सॉस गोड आहे. मालकाने खाली दोन ओळींचे उत्तर दिले आहे. सॉस त्याच्या वडिलांच्या कृतीचा आहे आणि तो बदलणार नाही; ताहिनीबद्दल स्वयंपाकघरात बोलतो, आणि पिटा हवा तर तळाशी कोबी भरून मागा, तो फाटत नाही.