तार आहेच, मग फायबर कशाला?

चोपडा-यावलकडच्या ग्रुपांवर सध्या इंटरनेटच्या फायबरविरुद्ध, म्हणजे काचेच्या धाग्याच्या केबलविरुद्ध, एक संदेश फिरतोय : 'फायबर म्हणजे श्रीमंती चोचले. टेलिफोनची तांब्याची तार गावोगाव आहेच, तिच्यावरच ब्रॉडबँड द्या, निम्म्यात काम होईल. काच महाग, तुटली की दुरुस्त होत नाही.' खाली एकाची अहिराणी पावती : 'तांबं शेच ना, मंग काच कसाले?'

काच महाग? विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीतून कापतात, जाळतात आणि आतलं तांबं भंगारात विकतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. काचेच्या धाग्याला भंगारवाला विचारत नाही. शिवाय तांब्याची घरटी एक जोडी लागते. फायबरचा एकच धागा स्प्लिटर (प्रकाश वाटून देणारा छोटा डबा) लावून 32 किंवा 64 घरांना पुरतो, आणि त्या स्प्लिटरला वीजही लागत नाही.

नवी लाइन टाकायची तर मोठा खर्च खोदाईचा. तापीवरून शेतापर्यंत पाइपलाइन आणलेल्या कुणालाही विचारा. जेसीबी, रस्ता ओलांडायची परवानगी, चारी बुजवणं, हे सगळं तार टाका की काच, तेवढंच. एवढी चारी खोदून त्यात दोन इंची पाइप कोण टाकतं?

आता 'तार आहेच' हा मुद्दा. खोदाई वाचते, हे मान्य. पण तांब्यावरचा वेग अंतराने मरतो. एडीएसएल 2 प्लस, म्हणजे फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड, टेलिफोन एक्स्चेंजच्या शेजारी 24 एमबीपीएसपर्यंत जातं. पाच किलोमीटरवर त्यातले एक-दोन उरले तरी नशीब. वेग हवा तर गावाजवळ कॅबिनेट (यंत्रांचं कपाट) उभं करा, त्याला वीज द्या, बॅटऱ्या द्या. आणि त्या कॅबिनेटपर्यंत काय न्यायचं? फायबरच! म्हणजे बहुतेक वाट काचेची, शेवटचा तुकडा तेवढा जुन्या तारेचा, आणि पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं की खरखर ठरलेली. जीपॉन, म्हणजे एकाच धाग्यावर अनेक घरं जोडणारं फायबर, वाटेत कुठेही वीज न घेता 20 किलोमीटर जातं.

राहिली तुटलेली काच. तिची दुरुस्ती होते. त्याला धागे वितळवून जोडणारं स्प्लायसिंग मशीन आणि शिकलेला हात लागतो, तार पिळून भागत नाही, एवढंच. एक गोष्ट मात्र जुन्या तारेची चांगली होती : लोडशेडिंगमध्येही फोन चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून यायची. फायबरच्या घरात बसवलेल्या डब्याला घरची वीज लागते, नाहीतर बॅटरी.

धडगाव-अक्कलकुव्याकडे पाड्यांतली घरं टेकड्यांवर विखुरलेली आहेत. तिथे दारोदार फायबर न्यायचा हिशेब बसत नाही. टॉवरपर्यंत फायबर आणि पुढे बिनतारी रेडिओलहरी, हेच परवडेल. संदेश लिहिणाऱ्याने हा मुद्दा काढला असता, तर मी गप्प बसलो असतो.