अण्णा, पार्किन आणि शंभर पौंड

कबड्डीच्या लिलावाचे दिवस आले की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अण्णांना कंठ फुटतो. अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. तासगावजवळच्या आमच्या गावच्या मंडळाचे एकेकाळचे डावे कोपरारक्षक. त्यांनी घोटा धरला की चढाईवाला देवाचं नाव घ्यायचा. यंदा शेजारच्या गावातल्या एका पोराचं नाव लिलावात पुकारलं गेलं आणि कुणी बोलीच लावली नाही. अख्ख्या गावाने ते टीव्हीवर पाहिलं. रात्री अण्णांचा मेसेज आला : "बोली खोंडावर लावत्यात. माणसावर न्हाई." खाली बावीस अंगठे.

मला राग आला. रविवारी सकाळी, हॉस्पिटलची ऑन-कॉल ड्युटी संपवून आल्यावर, चहा पिता पिता आला. अण्णांच्या काळात खेळाडूला काय मिळायचं? एक स्टीलची कळशी, एक ढाल, जायचं-यायचं एसटीचं भाडं. नशीब जोरावर असलं तर साखर कारखान्यात चिकटायचं. गुडघा गेला की कारखान्याच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसायचं. प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात, २०१४ साली, सगळ्यांत महाग खेळाडू १२ लाख ८० हजारांना गेला. पाच वर्षांनी आपल्या चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाख मिळाले. यात माती कुठे बाटली? शेतकऱ्याच्या पोराला पैसे मिळाले की तेवढा आपला समाज हळवा होतो. सोसायटीच्या चेअरमनने मिळवले तर कुणी 'खोंड' म्हणत नाही.

मग मी अण्णांना पार्किनची गोष्ट लिहिली.

मी इंग्लंडात वेकफिल्डला राहतो त्याला एकोणीस वर्षं झाली. माझ्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर शार्ल्स्टन आहे. कोळशाचं गाव, खाण १९९३ मध्ये बंद पडली, पण छातीच्या क्लिनिकला माणसं अजून येतात. मी त्यांना नळीत फुंकायला लावतो. फुंका, फुंका, अजून फुंका. कबड्डीत दम धरून पलीकडे जायचं असतं, इथे उरलेला दम मोजायचा. एकदा एका म्हाताऱ्याने नळी तोंडातून काढली आणि फुंकायचं सोडून मला विचारलं, "डॉक्टर, जाँटी पार्किन माहितीये का?" नव्हता माहीत. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू सांगलीत राहून मी हळद कशाशी खातात म्हणून विचारलं होतं.

जोनाथन पार्किन, जाँटी, याच शार्ल्स्टनचा. १९१३ मध्ये त्याला वेकफिल्ड ट्रिनिटी या क्लबाने घेतलं. खेळ रग्बी लीग, तेरा जणांचा. हा खेळ मूळ रग्बीपासून वेगळा झाला तोच मुळी पैशावरून. शनिवारी मॅच खेळायची तर खाणीतला किंवा गिरणीतला खाडा पडायचा, मजुरी बुडायची. उत्तरेकडचे क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी आम्ही देतो. लंडनच्या साहेब लोकांनी नाक मुरडलं : खेळ तो खेळ, त्यात पैसा कसला! तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून या क्लबांनी वेगळी चूल मांडली. ट्रिनिटी त्यांत होती. अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान लंडनवाल्यांचं आहे, हे मी मुद्दाम ठळक अक्षरांत लिहिलं.

पार्किन हाफबॅक. तेव्हा दोन्हीकडचे गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटत असायचे. हाफबॅक चेंडू मध्ये सरकवायचा, मागून बाहेर आला की उचलायचा, आणि कुणाला द्यायचा की आपणच घुसायचं हे श्वासभरात ठरवायचा. सगळ्यांत दांडगा गडी या जागी लागत नाही; सगळ्यांत लबाड लागतो. पहिल्या महायुद्धात त्याची उमेदीची वर्षं गेली. तरी १९२०, १९२४ आणि १९२८ असा तीनदा तो ब्रिटनकडून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेला, शेवटच्या दोन वेळा कर्णधार म्हणून, आणि दोन्ही वेळा मालिका २-१ ने जिंकून आला. तिलाही अ‍ॅशेसच म्हणतात, ही काही क्रिकेटवाल्यांचीच मिरास नाही. क्लबात मात्र दुष्काळ. त्याच्या सतरा वर्षांत ट्रिनिटीच्या हाती लागला तो १९२४ चा यॉर्कशायर कप, तोही बॅटलीला एका गुणाने हरवून. मोठा चॅलेंज कप ट्रिनिटीने जिंकला होता १९०९ मध्ये, तो येण्याआधी, आणि पुन्हा जिंकला १९४६ मध्ये.

आणि मग १९३०. पार्किन पस्तिशीला आलेला. ट्रिनिटीने त्याचं नाव विक्रीच्या यादीत टाकलं, किंमत शंभर पौंड. त्या काळी खेळाडूची नोंदणी क्लबाच्या मुठीत असायची. क्लबाने सोडल्याशिवाय दुसरीकडे पाय टाकता यायचा नाही. नऊ वर्षांपूर्वी हॅरल्ड बक नावाच्या विंगरसाठी लीड्सने हजार पौंड मोजले होते, आणि दोनदा देशाचं नेतृत्व केलेल्या माणसाची ही किंमत. पार्किनने काय केलं? शंभर पौंड स्वतःच्या खिशातून भरले, स्वतःला विकत घेतलं आणि हल किंग्स्टन रोव्हर्सकडे गेला.

हे मी अण्णांना लिहिलं. लिलाव म्हणजे अपमान, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा माणूस बघावा. किंमत ठरली म्हणून तर त्याला ती भरता आली! तुमच्या मंडळात किंमत नव्हती म्हणून सुटकाही नव्हती. आणि शेवटी, जरा जास्तच झालं असेल, पण लिहिलं : इथे व्यवहार उघड असतो, म्हणून माणसाची इज्जत राहते.

अण्णांनी विचारलं, "मग म्होरं काय झालं?"

मी पुढचं सोयीस्करपणे गाळलं होतं. सांगावं लागलं. पुढे लीगने नियमच बदलला : इथून पुढे कोणत्याही खेळाडूने स्वतःची किंमत स्वतः भरायची नाही.

"म्हंजी दाव्याची गाठ आवळली," अण्णांनी लिहिलं. या वेळी एकतीस अंगठे. त्यांत माझ्या सख्ख्या बहिणीचाही.

मी उत्तर दिलं नाही. ट्रिनिटीची मॅच होती, त्यांच्या बेल व्ह्यू मैदानावर गेलो. मीट पाय (इथली मांस भरलेली कचोरीच म्हणा) घेतला, मटार घेतले, नेहमीच्या जागी उभा राहिलो. परतलो तर अण्णांचा मेसेज होता. ग्रुपवर नाही, मला एकट्याला.

"तू बी भरलंच की."

माझ्या बाँडबद्दल होतं हे. तेव्हा सरकारी कॉलेजातून डॉक्टर झालं की ग्रामीण भागात सेवा द्यायची, नाहीतर ठरलेली रक्कम भरून मोकळं व्हायचं. माझी नेमणूक जत तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली होती. मी एकदा जाऊन बघून आलो. कुलूप होतं. पायरीवर एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. मी डॉक्टर आहे हे तिला सांगितलं नाही. पाणी पिऊन परतीची एसटी धरली. इंग्लंडच्या परीक्षेची तारीख ठरलेली होती.

पैसे वडिलांकडे पुरेसे नव्हते. काही पतसंस्थेतून काढले, उरलेल्यासाठी अण्णांनी आपली खिलार जोडी खरसुंडीच्या यात्रेत नेली. मी बरोबर होतो. व्यापाऱ्याने उपरणं टाकलं, खाली अण्णांचा हात घेतला आणि बोटं दाबायला लागला. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना सांगायला नको : दोघांचे चेहरे कोरडे ठाक, सगळा व्यवहार कापडाखाली, आकडा कुणी तोंडाने बोलत नाही. अण्णांनी दोनदा मान हलवली, तिसऱ्यांदा हलवली नाही. धाकट्या खोंडाच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "चल."

पहिल्याच वर्षी मी ते पैसे पाठवले, वर थोडे जास्तीचे. अण्णांनी जास्तीचे परत केले. बैल पुन्हा घेतले नाहीत, भाड्याचा ट्रॅक्टर बोलावतात. जतच्या त्या केंद्रात पुढे कोण आलं, किती दिवसांनी आलं, मी कधी विचारलेलं नाही. इथल्या क्लिनिकची वेटिंग लिस्ट मात्र मला आठवड्यानुसार पाठ असते.

त्यांना काय उत्तर द्यावं सुचेना, म्हणून पार्किनबद्दलच आणखी लिहिलं. रोव्हर्सकडे तो जेमतेम दोन वर्षं टिकला. १९८८ मध्ये ब्रिटनच्या रग्बी लीगने पहिल्या नऊ खेळाडूंचा हॉल ऑफ फेम केला त्यात तो आहे, आणि इथे कुणालाही विचारा, तो ट्रिनिटीचा जाँटी पार्किन. पैसे भरून गेला होता, हे शार्ल्स्टनचा तो म्हातारासुद्धा शेवटी, जाता जाता बोलला होता.

अण्णांनी वाचलं. निळ्या खुणा दिसल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, पार्किनबद्दल अवाक्षर नाही. "बोली न लागलेलं पोरगं मंडळात सरावाला येतंय. मातीवर खेळून मॅटवर पाय घसरतोय त्याचा. मंडळाला मॅट घ्यायची हाय. तू किती देतोस?"

मी आकडा टाइप केला. पुसला. जरा मोठा टाकला, आणि सगळ्यांना कळू दे म्हणून ग्रुप उघडला.

तेवढ्यात वर अण्णांची ओळ आली : "ग्रुपवर नगं. मला एकट्याला सांग."